कल्हई

स्मरणिकेवाले आले होते काल,
मालकांची जन्मतारीख विचारत.
मी म्हटलं, ती ठाऊक नाही,
चपलेचं माप सांगतो. सात नंबर.
उजव्या पायाचा अंगठा कायम तुटलेला,
कारण राग आला की ते उजवा पाय आपटायचे,
आणि राग त्यांना तालमीत यायचा,
हिशेबात कधीच नाही.

गंगाधर निजामपूरकर. तांबट आळी, कसबा पेठ.
त्या आळीतल्या पोरांना ठोक्यांत झोप लागते,
शांत झालं की जाग येते.
पडलेल्या नाटकाच्या रात्री
मालक टक्क जागे असायचे.

नट पारखायची त्यांची रीत एकच.
डोळे मिटायचे, "म्हण" म्हणायचं,
आणि हंड्यावर टिचकी मारून ऐकावं
तसं ऐकायचं.
"बद्द वाजतोय."
संपलं. वर परतीचं गाडीभाडं.

यमू वाळिंबे जुन्नरहून आली,
टाचांना भेगा, एकच ओळ म्हणाली, तीही चुकीची.
मालकांनी डोळे उघडले.
"भिकाजी, नाव लिही हिचं."
मी यमू लिहिलं. त्यांनी खोडून यामिनी केलं.
त्या खोडण्याची किंमत
मी पुढं अकरा वर्षं खर्चाच्या बाजूला मांडत होतो.

'संगीत कांचनकोट'चे प्रयोग एकशे बावन्न.
मी विंगेत, डाव्या हातात संहिता,
उजव्या हातात गल्ल्याची किल्ली,
आणि दोन्हीकडे एकदम लक्ष.
फलटणला पेट्रोमॅक्स विझली
तर यमू अंधारातच पद पुरं करून मोकळी झाली.
त्या रात्री मालकांनी सगळ्यांना दूध पाजलं.
उधारीवर. दूधवाल्याचं नावही आहे माझ्याकडे.

मग पन्नास साल, एरंडवण्याचा माळ, भाड्याचा स्टुडिओ.
रात्री कोल्हे, दिवसा सावकार.
चित्रपटाचं नाव 'सातवा उंबरा',
म्हणून सात उंबरे, सगळे सागवानी.
मी म्हटलं, "मालक, पडद्यावर पाय दिसतात, लाकूड दिसत नाही."
म्हणाले, "पायाला कळतं."
सागवानापायी आईचे हंडे गेले, घंगाळं गेलं, दुकानातला वाटा गेला.
थोरला भाऊ दारातच म्हणाला,
"कल्हईला भुललास गंगाधर, तांबं विकलंस."
मालक हसले. पाय आपटला नाही.

नऊ दिवस चालला.
दहाव्या दिवशी थेटरवाल्यानं पेट्या टांग्यात घालून परत धाडल्या.
टांग्याचं भाडं आम्ही दिलं.

सहा वर्षं त्या पेट्या मालकांच्या खाटेखाली.
मग रविवार पेठेतला एक जण आला,
फिल्म धुऊन चांदी काढणारा.
नवे पैसे नुकते निघाले होते,
मी मनात आण्यांत मोजत होतो.
मालकांनी एकेका डब्यावर टिचकी मारली, कान लावला.
"खणखणीत आहे," म्हणाले, "नीट तोल."

धुतलेल्या पट्ट्या बांगडीवाल्याकडे गेल्या, असं ऐकलं.
तुळशीबागेत त्या साली फिक्या पिवळ्या बांगड्या आल्या होत्या,
आरपार दिसणाऱ्या. बायकोनं डझन घेतल्या.
मी एक उन्हात धरली.
"चीर शोधताय?" तिनं विचारलं.
हो म्हणालो.
काहीच नव्हतं. एकावर एक आपटून पाहिल्या.
तसली बांगडी वाजत नाही.

मालक गेले त्याच्या तेराव्याला मनीऑर्डर आली, साडेतीनशेची.
उचल घेतलेली होती कधीतरी, मीच विसरलो होतो.
पाठवणार : यमू वाळिंबे, जुन्नर.
जमेच्या बाजूला तसंच उतरवलं.
खोडायला कुणी नव्हतं.

स्मरणिकेवाल्यांना हे काही नको होतं,
फोटो हवा होता.
फोटो नाही. मालक कायम कॅमेऱ्याच्या मागं उभे असायचे.
चपला आहेत, बघायच्या असतील तर.
अंगठा मी शिवून घेतलाय.